सगळ्यांचा एकच पासवर्ड

"तडजोड करा, बाई," लॅबचे वकील ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात हळू आवाजात म्हणाले. "कंपनी माफीचं पत्र देईल. आज सुनावणी झाली तर त्या आजाराचं नाव पुन्हा पुन्हा निघेल."

"निघू द्या," अनुसूयाबाई म्हणाल्या. "आख्ख्या जवळा बाजार गावाला ते पाठ झालंय."

व्यंकटराव बाजूलाच उभे होते. बायकोच्या कागदांची पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

लॅबच्या अ‍ॅपवर प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच पासवर्ड मिळायचा, एक-दोन-तीन-चार. तो बदला, असं कुणी सांगत नसे. गावातल्या कुणीतरी अनुसूयाबाईंचा मोबाइल नंबर टाकला, त्यांच्या खात्यावरचा रिपोर्ट उघडला आणि गावाच्या ग्रुपवर सोडून दिला. एचआयव्ही.

हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. नळावर बायका बादल्या मागे ओढू लागल्या. व्यंकटराव दत्ताच्या देवळाचे पुजारी. त्यांना मात्र लोक जास्तच मान देऊ लागले. "असल्या बाईला घरात ठेवून राहिला. देवमाणूस हाय!" म्हातारी मंजुळाबाई तर त्यांच्या पायाच पडली.

अनुसूयाबाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही. त्यांनी तक्रार लिहिली आणि दीड वर्ष एसटीने हिंगोलीच्या खेपा घातल्या.

आज शेवटच्या सुनावणीला त्या आयोगासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"गॅसची नळी घेताना आमी आयएसआयचा शिक्का बघतो, साहेब. मग आमच्या दुखण्याचे कागद सांभाळणाऱ्याला काहून काहीच नियम न्हाई? कुलूप निदान कसं असावं, एवढं तरी कुणी ठरवून द्या."

"भरपाई किती हवी?" आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मला काही नको. दर माणसाला वेगळं कुलूप द्या."

निकाल बाईंच्या बाजूने लागला. अ‍ॅप दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवायचा हुकूम झाला.

बाहेर शेजारची साधना उभी होती. दीड वर्ष तिने अनुसूयाबाईंचा उंबरा ओलांडला नव्हता. ती येऊन गळ्यातच पडली. "काकू, तुमच्यासारखी छाती गावात कुणाची न्हाई."

"व्हय," व्यंकटराव म्हणाले. "कुणाचीच न्हाई."

परतीच्या एसटीत त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. औंढा मागे पडलं तरी सोडला नाही.

"एकदा तरी सांगायचं होतंस," ते पुटपुटले, "खातं तुझं होतं, पण तपासलेलं रक्त माझं."