गुपचूप बाहेर

मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं टोचून टोचून पोटाची चाळण झालेल्या बायकांच्या त्या ग्रुपवर एक रीत होती. जिला दिवस जातील तिनं गाजावाजा न करता गुपचूप बाहेर पडायचं. उरलेल्यांच्या जखमेवर मीठ नको. मग बाकीच्या तिला खाजगीत शुभेच्छा द्यायच्या आणि पुढे कधी काही विचारायच्या नाहीत. ग्रुपवर जिला सगळ्या ‘शिंपीणबाई’ म्हणत, तीही शुभेच्छा द्यायची. आतून चरफडत, पण न चुकता.

याही खेपेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा तिनं शिलाई मशीन थांबवलं. नवऱ्याला म्हणाली, “बास झालं. आता माझ्यात त्राण नाही.” आणि ग्रुप सोडला.

तासाभरात फोन वाजायचा थांबेना.

“सुटलीस गं बाई एकदाची!”

“आता मशीनवर वाकून बसू नकोस हं!”

“तुझ्याकडे बघूनच आम्ही तग धरून आहोत.”

खरं सांगून त्यांचं अवसान कशाला घालवायचं, म्हणून तिनं एकेकीला ‘थँक्यू गं’ एवढंच लिहिलं.

 

आणि लिहिता लिहिता तिचा हात थबकला. आजवर तिनं शुभेच्छा दिलेल्या झाडून सगळ्या जणींचं उत्तरही एवढंच आलं होतं.