मऊ स्प्रिंग

गाडीखालून बाहेर येऊन गफूर मिस्त्रींनी इंगवल्यांच्या हातात यादी दिली. "स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, बुश, सगळंच गेलंय, साहेब. चाळीस वर्षांची गाडी आहे. आता डागडुजी नको, सगळं नवं घालू. पहिल्यासारखे कडक स्प्रिंग टाकतो, वळणावर रस्त्याला चिकटून जाईल."

इंगवले पायरीवर बसले. अलीकडे उभ्यानं बोलायचाही त्यांना शीण व्हायचा. या दोन सीटच्या गाडीतून तरुणपणी त्यांनी कितीतरी रॅली केल्या होत्या आणि शेजारी नकाशा घेऊन दर वेळी त्यांची बायको शैलाच असायची. मणक्याच्या ऑपरेशननंतर मात्र तिला एकही धक्का सोसत नव्हता. तीन वर्षं ते एकटेच गाडी फिरवून आणत होते.

"मऊ घाला," ते म्हणाले.

"मग ती रॅलीची गाडी राहणार नाही, साहेब. वळणावर झुकेल."

"झुकू दे."

दारात उभ्या असलेल्या शैलानं ते ऐकलं. "माझ्यासाठी तिची वाट लावू नका. मी काही आता बसायची नाही."

"एकट्यानं चालवायचा कंटाळा आलाय मला," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "नाही बसलीस तर राहील इथंच उभी. पण स्प्रिंग मऊच."

 शैला भिंतीला धरून सावकाश दोन पायऱ्या उतरली आणि मिस्त्रींना म्हणाली, "भाई, माझी सीट थोडी उंच करता येईल का? मला फार वाकता येत नाही."