हळदीला पहिला हात

पंचफुला शेडमध्ये शिरली आणि कुणाला न विचारता खिडकीखालच्या गोणपाटावर जाऊन बसली. ती जागा तिची होती. सात महिने तिथे बसणारी शिला बाजूला सरकली. पंचफुलाने पिशवीत हात घालून पाहिलं. कागद होता. मग हळदीचा उग्र, मातकट वास छातीभर आत घेतला आणि तिला फार बरं वाटलं.

कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर अमृतरावांचा हा हळदीचा कारखाना. ढिगातून लेकुरवाळी हळकुंडं वेचायची, हे पंचफुलाचं काम. ज्या हळकुंडाच्या अंगाला बारकी पिल्लं फुटलेली असतात, ते लेकुरवाळं. लग्नात तेच लागतं, म्हणून त्यांची पाकिटं वेगळी. इतर बायांना वीस सापडत त्या ढिगातून पंचफुला चाळीस काढायची.

मग श्रावणात तिचा नवरा भागवत चार दिवसांच्या तापाने गेला. चौदाव्या दिवशी ती कामावर आली, तर अमृतराव दारातच हात जोडून उभे.

"बाई, तुझ्यात खोट न्हाई. पण लग्नाची हळद हाय. आता तू हात लावू नको."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. शिव्या देऊन काढलं असतं तर तिथल्या तिथे भांडून मोकळी झाली असती. हात जोडणाऱ्याशी काय भांडणार? ती घरी गेली, दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी भाचीकडून, कोमलकडून, कामगार कार्यालयात अर्ज लिहून घेतला.

तिथल्या मॅडमनी अमृतरावांना समोर बसवलं. नोटीस दिली होती का? नाही. चौकशी केली? नाही. काम वाईट होतं? छे, तिच्यासारखं काम कुणाचं नाही. "मग काढलं कशासाठी?" यावर अमृतराव म्हणाले, मागच्या गोदामात पोती शिवायला घेतो.

"माहा हात हळदीला चालत न्हाई, मग पोत्याला कसा चालतो?" पंचफुला म्हणाली. "पोत्यातबी हळदच जाती ना?"

अशा चार तारखा झाल्या. शेवटी अमृतरावांच्याच वकिलाने त्यांना समजावलं की हे कोर्टात टिकायचं नाही, आणि समेटाच्या कागदावर सही झाली. त्याच कामावर, त्याच जागी. मॅडमनी खाली आणखी एक ओळ घालून घेतली: नवरा वारला या कारणावरून यापुढे कारखान्यात कुणालाही काढणार नाही.

आज सगळ्या बायांनी तिला घेरलं. कुणी चहा आणला, कुणी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. पंचफुलाच्या मनात सल होता तो एकच. द्वारकाबाई.

द्वारकाबाई शेडमधली सगळ्यात जुनी. पुसदकडची, इथे खोली घेऊन एकटी राहणारी. साक्षीला चल म्हणून पंचफुला तिच्या दारी दोनदा गेली होती. दोन्ही वेळा तिने दार अर्धंच उघडलं. "आमचे धनी सुरतेला असतात. त्यांना कोर्टकचेरी आवडायची न्हाई," एवढंच बोलली. पंचफुलाला राग आला होता. जिचा नवरा आहे तिला कसली भीती, असं तिला वाटलं होतं.

आता मात्र तीच द्वारकाबाई जवळ येऊन बसली. "कागद वाचून दाखव," म्हणाली. शिलाने वाचला. "ती खालची ओळ पुन्हा वाच." शिलाने पुन्हा वाचली. "मालकाची सही हाय ना त्याच्याखाली?" सही होती. द्वारकाबाई उठून गेली. अभिनंदन नाही, विचारपूस नाही. म्हातारी भारी चौकस, पंचफुला मनात म्हणाली.

तेवढ्यात नव्या हळदीची गाडी लागली. साखरा गावाहून हंगामातली पहिली पोती आली होती. दरवर्षीचा रिवाज ठरलेला: सवाष्णीने पोत्याची शिवण उसवायची, पहिली ओंजळ सुपात घ्यायची, मग निवड सुरू. कारखाना उघडला त्या वर्षापासून हा मान द्वारकाबाईचा. तिच्या हातात बरकत आहे, एका मशीनची तीन झाली ती तिच्यामुळेच, असं अमृतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"या, द्वारकाबाई," अमृतरावांनी सूप पुढे केलं.

द्वारकाबाईने सूप घेतलं आणि चालत जाऊन पंचफुलाच्या हातात दिलं. "औंदा ही करंल."

अमृतरावांचा चेहरा पडला, तरी आवाज त्यांनी चढवला नाही.

"पंचफुला, तू निवडायला बस. कागदात हाय ते मी बराबर पाळीन. पण मुहूर्त काही कागदात न्हाई. एवढ्याला तरी सवाष्ण पाहिजे. इतक्या वर्षांची बरकत हाय, ती मोडू नका."

पंचफुलाने सूप परत पुढे केलं. जागा मिळाली होती, तेवढं पुष्कळ झालं.

द्वारकाबाईने ते घेतलं नाही. तिने पंचफुलाचा हात धरून तिला पोत्यापाशी नेलं, शिवणीचा दोरा तिच्या बोटांत दिला आणि मग अमृतरावांकडे वळली.

"माहा नवरा सुरतेत वारला, त्याला अकरा वर्षं झाली, मालक. तुमचा कारखाना नऊ वर्षांचा हाय."