सोफ्याचं कोटिंग
घाटकोपरच्या दुकानात सुयोगने हॉलसाठी सोफा-कम-बेड निवडला. रात्री त्यावर वडील झोपणार होते. “कापडावर कोटिंग करून देऊ? काही सांडलं तरी आत मुरत नाही,” विक्रेत्याने विचारले. “कशाला? घरात लहान मूल कुठंय?” सुयोग म्हणाला. शेजारी उभ्या वडिलांनी सोफ्याच्या कापडावरून हात फिरवला. महिनाभर झोपेतच त्यांचा लेंगा ओला होत होता. सगळ्यांच्या आधी उठून ते तो धुऊन टाकत, सतरंजी गॅलरीत वाळत घालत. सोफा कुठे वाळत घालणार? सुनेला कळले तर? शेजारच्या माणिकरावांना याच कारणासाठी वृद्धाश्रमात ठेवले होते. “करून घे रे,” ते म्हणाले, “माझ्या हातून चहा सांडतो.” सुयोग हसला. “मग टेबलाशी बसून प्या ना, बाबा. भाऊ, कोटिंग नको, बिल बनवा.” विक्रेत्याने पेन उचलले. वडिलांनी मुलाचे मनगट धरले. “चहा नाही रे.”