चौदा सेकंद
ग्रेचेनने छापील पानं बापापुढे सरकवली. कॉलेजात ती संवादशास्त्र शिकत होती. घरात जेवताना होणारं बोलणं रेकॉर्ड करून जसंच्या तसं उतरवायचं, असा प्रकल्प होता. बोलणाऱ्यांची सही नसेल तर ती नापास. “बोलायला तर तू दुसऱ्या वर्षीच शिकलीस,” चष्मा लावत बाप म्हणाला. “त्याची कसली पदवी?” तो वाचू लागला. शेवटच्या पानावर तिचं वाक्य होतं: ‘डॅड, पदवीनंतर मी गोठा सांभाळायला परत येणार नाही.’ त्याखाली कंसात ‘चौदा सेकंद शांतता’. मग बाप: ‘लोणी दे.’ त्याचं बोट कंसावर थांबलं. “हे चुकलंय.” “मी तीनदा मोजलंय, डॅड. तुम्ही काहीच बोलला नाहीत.” “बोललो नाही, पण शांतता कसली?” त्याने सही केली. “तेवढ्या वेळात मी चाळीसच्या चाळीस गाई विकल्या.”