निम्मं त्याचं, निम्मं माझं

"छाती साफ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग हा एवढा धापा का टाकतोय?"

धाकटा खाटेवर पडला होता. श्वास खोल, भराभर. दोन दिवस छातीचं औषध दिलं, उतार नव्हता. आई त्याचे पाय चोळत "सोन्या, सोन्या" करत होती. ताई स्टुलावर बसून ते बघत होती. ती नऊ वर्षांची, तो सहाचा. तो सोन्या आणि ही नुसती ताई. घरात काहीही आलं की ताई आधी सुरी घेऊन यायची. निम्मं त्याचं, निम्मं माझं. त्याची फोड केसभर मोठी निघाली तरी घर डोक्यावर घ्यायची.

"महिनाभरात काही वेगळं जाणवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो. भूक तर चांगली होती."

"चांगली?" ताई फणकारली. "माझ्या दुप्पट खातो, तरी त्यालाच वाढतेस. पेल्यावर पेले पाणी ढोसतो. रोज अंथरूण ओलं करतो, तू ब्र काढत नाहीस. माझं एकदा झालं तर आठवडाभर ऐकवलंस. आणि माझ्याआड त्याला काहीतरी गोड देतेस. तोंडाला वास येतो त्याच्या."

"ताई, गप्प बस. किती जळशील भावावर?"

"बोलू दे तिला." डॉक्टरीणबाईंनी वाकून मुलाचा श्वास हुंगला. पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता. "एवढं खाऊन अंग धरतोय का गं?"

"छे. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडली. पट्टाही नवा, त्यालाच."

बोटातून थेंबभर रक्त काढलं. साखर इतकी, की यंत्राला मोजता येईना. रक्तात आम्ल साचलं होतं आणि ते कमी करायला त्याचा जीव धापा टाकत होता. सलाइन लागलं, तासाभराने इन्सुलिन. सगळं हळूहळू. घाई केली तर मेंदूला सूज येते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास संथ झाला. त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"हिने सांगितलं म्हणून वेळेत कळलं," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "पण आता इन्सुलिन जन्मभर. रोज चार सुया."

आईने तोंडावर हात धरला.

ताई स्टुलावरून उतरली. डॉक्टरीणबाईंसमोर येऊन तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली.

"दोन त्याला, दोन मला."