रिबकापुढं पसरला पदर

उद्या दरफाळणीचा सण. आम्हा यहुद्यांत त्या दिवशी दार लावून, पाणीसुद्धा न घेता उपास धरतात, अन् आदल्या सांजेला दुखावलेल्याची माफी मागतात. मी सुनेपुढं पदर पसरला.

"रिबका, माफ कर गं."

तिनं तोंड फिरवलं. मी पुन्हा म्हटलं. ती रडून राह्यली. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"आत्याबाई, माझी तान्ही बदनापूरहून आणून द्या, मंग करते माफ."

"माझ्या लेकीची कूस उजवली न्हाई, म्हणून घातली तिच्या ओटीत. आता हिसकून आणू?"

"मंग माफी न्हाई."

"नको देऊ." मी उठून उद्याचं पांढरं लुगडं काढलं. "तीनदा मागितली की मागणारी सुटते, पाप न देणारीच्या माथी बसतं. उपास बराबर धर, बाई."